बिनजिवाचं गवत

मालेगाव (जहांगीर)
आषाढ वद्य पंचमी, १९७८

ताई,

हा कागद राजमतीचा आहे. तुही धाकटी बहीण राजमती, दुसरी कोणी नाही. पाकिटावर नाव टाकता येत नाही म्हणून आतच सांगून टाकते. तू इंद्रभानजीसंगं इंझोरीले निघून गेली तवा मले एका शब्दानं बोलली नाही, याचा राग मले अजून आहे. राग आहे म्हणूनच लिहून राह्यली असं समज. दुसऱ्या कोणावर रागावायची मले इथं सोय नाही.

उत्तर टाकजो नको. टपाल समोर दुकानात येते. आमचे हे कापडाच्या कात्रीनं पाकीट फोडून आधी स्वतः वाचतात अन् मग त्यात काय आहे ते मले तोंडी सांगतात. मागच्या गल्लीतली रुपाबाई आमच्या घरी दूध घालते, तिच्या रिकाम्या बरणीतून हा कागद बाहेर पडंल. तुह्या हाती पडला त वाचजो. नाही वाचला तरी मले कळणार नाही, तेवढी तुही सुटका आहे.

आता खबर. खबर अशी की मी पुण्यवान झाली. सगळे तसंच म्हणून राह्यले.

यंदा चातुर्मासाले गावात एक आर्यिका माताजी आल्या आहेत, आपल्या जैन धर्मशाळेत उतरल्या. सासूबाई मले दर्शनाले घेऊन गेल्या अन् सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, "माताजी, माही सून नियम घेते म्हणते." मी तोंडाकडंच पाहत राह्यली. मी कवा म्हटलं? नियम असा की दिवाळीपर्यंत हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, पायाखाली जीव तुडवायचे नाही. माताजींनी मले विचारलं, "बेटी, मन से ले रही हो?" मी बोलायच्या आधी सासूबाई म्हणाल्या, "तिचीच त इच्छा आहे." मंग मी मान हालवली अन् 'हो' म्हटलं. तूच सांग, सगळी धर्मशाळा पाहून राह्यली असताना काय म्हणू?

निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल होती माही, यंदाच्या उन्हाळ्यात घेतलेली. घरी आल्याबरोबर सासूबाईंनी 'चप्पलही सोडायची' असं आपल्या मनानं वरून जोडलं अन् ती भांडेवालीले देऊन टाकली.

आता घरातून बाहेर पडायचं म्हटलं त समोर दुकान, तिथं हे अन् मुनीमजी गादीवर बसले राहतात. मागं परस. परसाच्या भिंतीत दार आहे, त्याची कडी आतूनच आहे. आधी मी तिथून रुपाबाईच्या ओट्यापर्यंत जात होती, दोन गोठी करून येत होती. पण यंदा पाऊस असा झाला की कडीपर्यंत निरी हराळी माजली. पाय टाकाले बोटभर कोरडी जागा नाही. त्या दाराकडं मी स्वयंपाकघरातून पाहते.

म्हणशील, मोड की नियम. तू असती त मोडला असता, मले माहीत आहे. पण ताई, मान माहीच हालली. 'हो' माह्याच तोंडातून निघालं. जबरदस्तीनं निघालं तरी ते मी मोडणार नाही. बाकी सगळं माह्याकडून काढून घेतलं या लोकांनी, एक शब्द तरी माहा राहू दे.

राजमती


श्रावण, राखीच्या दुसऱ्या दिवशी

ताई,

रुपाबाईचा भाचा जगदेव मानोऱ्याच्या यष्टीवर कंडक्टर आहे. इंझोरीच्या थांब्यावर हातोहात कागद देतो म्हणते. म्हणून हा टपालानं नाही. अन् मागचा भेटला का नाही, मले ठाऊक नाही.

आमच्या परसात हौद खोदला. म्हशीचा नाही, कपडे धुवाचा नाही. माणसानं पोहाचा! हे मुंबईले कापसाच्या एका दलालाच्या बंगल्यावर गेले होते. तिथं बंगल्यामागं निळा हौद अन् हौदाभोवती हिरवळ पाहून आले, तवापासून यांच्या डोक्यातून जात नाही. मदनसिंग मिस्त्री अन् त्याचे गडी रोज टिकाव घेऊन येत होते. हराळी सगळी खोदून टाकली, पण तिथं आता चिखल आहे, अन् चिखलाच्या पलीकडं पुन्हा हिरवं उगवलंच. दार तसंच दूर.

पुढची मजा ऐक. हौद बांधून झाला अन् सासूबाई म्हणाल्या, अनगाळ पाण्यात अंग बुडवायचं नाही, पाण्यातल्या जिवांची हत्या होते. हे म्हणाले, हौदभर पाणी कोण गाळणार? सासूबाई म्हणाल्या, सून आहे ना.

मंग मोटरीच्या पाइपाच्या तोंडाले दुहेरी कापड बांधून मी धरून बसली. ताई, पाण्याचा जोर असा की कापड फुगून माह्या मांडीवर येते. दोनदा फाटलं. लुगडं सगळं ओलं. कापडात जे राह्यलं ते परत बादलीनं विहिरीत सोडायचं, तेही मीच. हौद भरता भरता दिवस गेला. अन् भरल्यावर सासूबाईच म्हणाल्या, गाळलेलं पाणी दोनच घडी चालते, मंग त्यात पुन्हा जीव पडतात. हे डोक्याले हात लावून काठावर बसले. मले असं हसू आलं, पदर तोंडात कोंबला. यांले पोहता येत नाही, हे मी तुले सांगितलं का? येत नाही.

कोणी उतरत नाही त्या हौदात. निळा रंग मात्र लावला.

हसू आलं ते तितकंच. त्याच दिवशी ओले केस पुसताना सासूबाई माह्या मागं येऊन बसल्या, माहे केस हातात घेतले अन् एकदम गोड आवाजात म्हणाल्या, "आता तेल लावत जाऊ नको. सवय होऊ दे." मी विचारलं, कायची सवय? म्हणाल्या, "देवानं तुले लेकरू दिलं नाही म्हणजे तुले मोकळीच ठेवली ना राजमती. संसारात काय ठेवलं आहे? माताजींसारखं सोन्यासारखं जीवन भेटंल."

ताई, या लोकांनी माही दीक्षा काढली आहे.

मी माताजींची चेष्टा करत नाही. त्या स्वतःच्या मनानं घर सोडून निघाल्या, अनवाणी गावोगाव चालतात, केस आपल्या हातानं उपटतात अन् चेहऱ्यावर सुरकुती पडत नाही. मी हात जोडते त्यांले. पण मले नाही वं जायचं त्या वाटेनं. मले चहा आवडते. मले रेडिओ आवडते. मले अजून कोणाशी तरी कडाकडा भांडायचं आहे.

मी म्हटलं, "मले नाही जमणार." सासूबाई हसल्या अन् म्हणाल्या, "सगळ्याच आधी असं म्हणतात."

राजमती


भाद्रपद, अनंत चतुर्दशी झाल्यावर

ताई,

गवत आलं!

हौदाभोवती हिरवळ पाहिजे हे यांचं पक्कं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, मुद्दाम गवत लावून रोज तुडवायचं, हे आमच्या घरात होणार नाही. मंग यांनी मुंबईच्या त्या दलालाकडून प्लॅस्टिकचं गवत मागवलं. परदेशातून आलेलं म्हणतात. ट्रकमधून गोणपाटात शिवलेल्या वळकट्या उतरल्या, गाद्यांसारख्या. सगळं गाव दुकानासमोर जमलं. हे म्हणे, "यात जीव नाही, पाणी लागत नाही, पाप लागत नाही."

अंथरायचं काम म्हणजे एक लग्नघर झालं होतं. मदनसिंगनं आधी भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमिट केलं, पाणी वाहून जावं म्हणून मोरीकडं उतार दिला. मंग वळकट्या उलगडून दोन दिवस उन्हात पडू दिल्या, नाहीतर वळ्या जात नाहीत. त्याच्याखाली सोल्युशन, सायकलचं पंक्चर काढतात ते, डब्याचे डबे. घरभर त्याचा वास, जेवण जाईना. या गवताले लव असते वं, मखमलीवानी. सगळे पट्टे एकाच बाजूनं झोपले पाहिजे. मदनसिंगनं एक पट्टा उलटा लावला त तो वेगळाच काळपट दिसाले लागला. हे ओरडले, त्यानं तो उपटून पुन्हा लावला अन् कडेनं लाकडाची पट्टी ठोकून पक्कं केलं. आता ते मागच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत आहे. मोकळी जमीन कुठं राह्यलीच नाही.

गड्यांनी दार उघडं टाकलं त रुपाबाईच्या म्हशीची वगार आत घुसली अन् एक घास ओढून पाहिला. थू करून निघून गेली. रुपाबाई म्हणे, "मुक्या जनावराले समजते वं बाई, तुह्या घरच्या माणसाइले काहून समजत नाही?"

मले वाटलं, चला, आपलं काम झालं. हे काही गवत नाही. दारापर्यंत जाता येईल. मी ओट्याखाली एक पाय टाकला त सासूबाई मागून म्हणाल्या, "नियम विसरली का?"

मी म्हटलं, "हे प्लॅस्टिक आहे."

"हिरवं दिसते ना? मंग तुह्यासाठी हिरवळच. लोक पाहतीन त काय म्हणतीन, दीक्षा घेणारी बाई गवतावर फिरून राह्यली."

अन् स्वतः त्याच्यावरून चालत हौदाच्या काठी जाऊन बसल्या, मांडी घालून, गालिच्यावर बसल्यासारख्या! त्यात मुंग्या अडकून मरू नये म्हणून रोज झाडायचं काम माहं. ते मी ओट्यावर उभी राहून, लांब दांड्याच्या कुंच्यानं झाडते. ज्याच्यावर पाय ठेवायचा नाही त्याले झाडू मारून राह्यली. हसशील त हस.

आता खरी गोठ. हे कोणासाठी चाललं आहे ते मले कळलं, अन् यांनीच सांगितलं. मी विचारलं होतं, आपल्या घरी पोहाले येणार कोण? हे आवाज चढवत नाहीत, तुले सांगितलं पाहिजे. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात तसेच माह्याशी बोलतात. म्हणाले, "दिवाळी झाली की मुंबईचे दलाल घरी येणार आहेत. त्यांची मुलगी आहे. घर पाहतील." मी म्हटलं, बायको असताना दुसरी करता येत नाही, कायदा आहे. म्हणाले, "माहीत आहे. वकिलाले विचारलं. बायकोनं संसार सोडून दीक्षा घेतली त कोर्ट मोकळं करते. तुहं नाव होईल राजमती, माहा वंश चालंल. यात तुहं वाईट काय आहे सांग."

असं शांतपणानं कोणी विचारलं त काय सांगावं माणसानं?

मले भेव वाटते ताई. मारलं असतं त ओरडली असती. इथं सगळे माह्या पाया पडून राह्यले. परवा शेजारची जमनाबाई, माह्या सासूच्या वयाची बाई, खाली वाकली अन् माह्या पायाले हात लावला. मी पाय ओढून घेतला त म्हणे, "पहा, किती विनय आहे!"

राजमती


कोजागिरीच्या आधी

ताई,

बाबूजी येऊन गेले.

मले वाटलं होतं, बाप आहे, त्यांच्यासमोर रडली त घेऊन जातील. रडली मी. त्यांनी माह्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. अन् म्हणाले, "तुह्या त्या जतनताईनं खानदानाले डाग लावला. आजही मंदिरात गेलो त लोक बाजूले सरकतात. तुह्या दीक्षेनं तो धुऊन निघंल बेटा." मंग खिशातून रुमाल काढून स्वतःच रडले.

त्यांचं रडणं खोटं नव्हतं, हेच वाईट आहे.

म्हणजे पहा, तू प्रेम केलं अन् केस माहे उपटायचे! असा तुहा राग आला त्या दिवशी. हातातली वाटी आपटली. तुह्या नावानं बोट मोडले. मंग वाटलं, तू तरी सुटली. एक तरी सुटली. हे दोन्ही खरं आहे, एक खोडून दुसरं लिहीत नाही.

तारीख ठरली आहे. दिवाळीच्या आधी माताजींचा आहार आमच्या घरी व्हावा म्हणून हे खटपट करून राह्यले. मागच्या ओट्यावर विहिरीजवळ आहाराचा शुद्ध चौका लावणार. समोरून दुकानातून माताजींले नेता येत नाही, म्हणून दुकानाशेजारच्या बोळीतून परसात आणायचं. माताजी आल्या की जेवणाच्या आधी, सगळ्या समाजासमोर, मी त्यांच्यापुढं श्रीफळ ठेवायचं अन् दीक्षा मागायची. हे अनुमती देणार. बाबूजीही येणार. एकदा श्रीफळ ठेवलं की संपलं. मंग वाजतगाजत मिरवणूक, मले हत्तीवर बसवायचं का बग्गीत, यावर घरात वाद चालू आहे. मले कोणी विचारत नाही. मले बग्गी बरी वाटते, हत्तीचं भेव वाटते, पण सांगू कोणाले?

म्हणशील तोंड उघड, सगळ्यांसमोर 'नाही' म्हण. रोज आंघोळ करताना म्हणून पाहते. पाण्याच्या आवाजात नीट निघते. बाहेर आली की बाबूजींचा रुमाल दिसते.

मदनसिंग सासूबाईले विचारून राह्यला होता, बोळीच्या तोंडापासूनच गवत सुरू होते, आहाराच्या दिवशी तेवढं गुंडाळून ठेवायचं का. सासूबाई म्हणाल्या, "कायले? प्लॅस्टिक आहे. अन् सोल्युशननं चिकटवलं ते आता निघते का?" माह्या मनात काही तरी आलं. मी बोलली नाही. मले कोणी विचारलं नव्हतं.

चौक्याची शुद्धी म्हणून आता रुपाबाईलेही आत येऊ देत नाहीत. दूध बोळीतूनच घेतात. हा कागद मी भिंतीवरून टाकून राह्यली, दगडाले बांधून. तिच्या वगारीच्या डोक्यात बसला नाही म्हणजे झालं.

तू हे वाचून राह्यली का चुलीत घालून राह्यली, मले माहीत नाही. घालत असशील त घाल. पण वाचत असशील त एक कर ताई. मनात तरी माह्या बाजूनं राहजो.

राजमती


तांडा, मालेगावच्या बाहेर
आश्विन वद्य अष्टमी

ताई,

कागद सांडलेला आहे, त्यावर चहा पडला. हो, चहा. रुपाबाईच्या भावजयीनं दिला. दोन कप पेली.

आज सकाळी झालं. जसं झालं तसं सांगते, उलटसुलट झालं त समजून घेजो.

पहाटेपासून सगळे आंघोळ करून शोधाचे कपडे घालून तयार. तुले आठवत असंल, ते कपडे घातले की कोणाले शिवायचं नाही, चौक्याच्या हद्दीबाहेर पाय टाकायचा नाही, नाहीतर सगळं अशुद्ध. सासूबाईच्या हातात पाण्याचा कलश. यांच्या खांद्यावर पांढरं उपरणं. माह्या हातात श्रीफळ दिलेलं अन् मले ओट्याच्या पायरीवर उभं केलेलं. बाबूजी खांबाजवळ. बाहेर बोळीत, गल्लीत, भिंतीवर, माणसंच माणसं.

माताजी बोळीतून आल्या. पांढरं लुगडं, हातात मोरपिसांची पिच्छी, नजर खाली, पावलापुढची जमीन पाहत. हे अन् सासूबाई गवतावर उभे राहून म्हणाले, "वंदामि माताजी, अत्र तिष्ठ, तिष्ठ." माताजी बोळीच्या तोंडाशी आल्या अन् थांबल्या. पुढचं पाऊल उचललेलं तसंच मागं घेतलं.

समोर हिरवंगार, भिंतीपासून भिंतीपर्यंत, अन् हिरव्यावर पाय न ठेवायचा त्यांचा नियम त जन्माचा.

आहाराले निघाल्या की माताजींचं मौन असते. सासूबाईचा चेहरा असा पांढरा पडला की मले वाटलं कलश सुटतो. यांले आधी कळलंच नाही, मंग कळलं, अन् हे हात जोडून म्हणाले, "माताजी, हे खरं नाही. प्लॅस्टिक आहे. जीव नाही यात." माताजी हालल्या नाहीत. नजर खालीच. त्यांले काय दिसत होतं ते त्यांनाच ठाऊक. पिच्छी थोडी वळली, आता त्या मागं फिरणार, उपाशी जाणार, अन् यांच्या नावानं सगळ्या समाजात बोभाटा होणार, उत्तमशेठनं माताजींच्या वाटेत हिरवळ अंथरली.

ताई, लग्नाच्या सहा वर्सांत पहिल्यांदा यांचा आवाज चढला. "यावर चालायले कायचाच दोष नाही! मी सगळ्यांसमोर सांगतो! हिचा हिरवळीचा नियम आहे, हिलेच चालून दाखवू द्या." अन् माह्याकडं वळून म्हणाले, "राजमती, चाल. चालून दाखव."

मी सासूबाईकडं पाहिलं. म्हटलं, "चालू का?"

त्या घाईघाईनं म्हणाल्या, "चाल ना वं! प्लॅस्टिकच त आहे. दोष नाही."

मी पायरी उतरली.

ते टोचते ताई. मले वाटलं होतं मऊ असंल. उन्हानं तापलेलं अन् कंगव्यासारखं टोचरं. मी हळूहळू चालली, नवरीसारखी, हातात श्रीफळ धरून. सगळ्यांची नजर माह्या पायाकडं. पाय उचलला की खालचं गवत दबलं का, ओलं निघालं का, मोडलं का, हेच सगळे पाहून राह्यले. हे लोकांले सांगून राह्यले, "पाहा, एक पान मोडत नाही! पाहा!" मी हौदाच्या काठानं गेली. हौदाच्या निळ्या पाण्यात माही सावली माह्यासंगं चालली. मी वळणावरून मागं फिरायले पाहिजे होती. हे म्हणाले, "बस्स, झालं, ये आता." अजून कोणाले काही कळलं नव्हतं. मलेही नव्हतं, खरं सांगू का. मी पाय मोजत नव्हती, काही ठरवत नव्हती. दाराची कडी समोर आली अन् माह्या हातानं ती काढली.

तवा हे ओरडले, "राजमती!"

मी मागं पाहिलं. सगळे जागच्या जागी उभे. सासूबाई कलश धरून, हे उपरणं सावरून, बाबूजी खांबाले धरून. शोधाच्या कपड्यात होते ना सगळे! गल्लीत पाय टाकला असता त चौका मोडला असता, अन् माताजी अजून बोळीत उभ्या होत्या. यांनी एक पाऊल टाकलं, अन् सासूबाईच ओरडल्या, "अशुद्ध होशील!"

माताजींनी तेवढ्यात नजर वर केली. पहिल्यांदाच. माह्याकडं पाहिलं, माह्या हातातल्या श्रीफळाकडं पाहिलं. मले वाटलं आता विचारतील, बेटी, मन से? मौनात कशा विचारतील. पण मी उत्तर दिलं. मोठ्यानं दिलं, त्या भिंतीवरच्या लोकांनाही ऐकू गेलं. म्हटलं, "नाही माताजी. मन से नाही."

बाबूजींनी रुमाल काढला होता. मी पाह्यला तो, अन् तरी म्हटलं.

मंग मी उंबरा ओलांडला.

माताजींले आज माह्यामुळं उपास पडला असंल. तेवढं एक मनाले लागलं आहे. कवातरी जाऊन क्षमा मागीन.

रुपाबाई ओट्यावर शेण थापत बसली होती. मले पाहून उठली, हात तसेच भरलेले. घरात घेऊन गेली अन् बाजेखालून कागदात गुंडाळलेलं काही काढलं. म्हणे, "जगदेवनं आणून आठ दिस झाले. तुह्या घरात मले येऊ देत नव्हते, देऊ कसं? तुह्या बहिणीनं धाडलं. तिनं सांगितलं, चिठ्ठी देत नाही, चिठ्ठ्या लोकं वाचतात."

चप्पल होती. निळ्या पट्ट्याची, रबरी. नवी नाही, घातलेली, टाचेजवळ झिजलेली. तुही.

मी तिथंच खाली बसली अन् अशी रडली की रुपाबाईनं शेणाच्या हातानंच मले धरलं. शोधाच्या लुगड्यावर तिचे पाची बोटं उठले. म्हणजे तू पहिल्या कागदापासून वाचून राह्यली होती. काहून नाही सांगितलं वं? हो, मीच म्हटलं होतं, उत्तर टाकू नको. माहंच ऐकलं तू, अन् तेही आत्ताच ऐकाचं होतं तुले!

मालेगावच्या स्टँडवर आज यांची माणसं बसली असतील, म्हणून रुपाबाईनं मले इकडं तिच्या भावाच्या तांड्यावर आणलं. शेतातून आडवं आलं असतं त लवकर आलो असतो, पण शेत सगळं हिरवं. ती मले गाडवाटेनं, लांबून, धुळीतून घेऊन आली. वाटेत शिव्या देत होती माह्या नियमाले, पण धुळीतूनच आणलं. हा कागद जगदेव आज घेऊन येईल. मी उद्या पहिल्या गाडीनं, वाशीमले बदलून.

इंद्रभानजींले सांगून ठेवजो की साळी येऊन राह्यली, भांडखोर आहे. श्रीफळ माह्याचजवळ आहे, माताजींपुढं ठेवलं नाही. तुह्या घरी फोडू. बाबूजींचं काय करायचं ते मंग दोघी मिळून ठरवू, मले एकटीले आता विचार होत नाही.

तुही चप्पल मले मोठी होते. चालताना फटक फटक आवाज येते.

अन् एक काम कर ताई. तुह्या अंगणात यंदा हराळी वाढली असंल त फाटकापासून दारापर्यंत एखादं पोतं अंथरून ठेवजो. दिवाळीपर्यंत माहा नियम आहे.

राजमती